कर्जाचा भार आणि तुटपुंजी मिळकत

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयी आहे (सूरह अल-बकरा, २८२). मुदतीची उधारी लिहून ठेवावी, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा अल्लाहचा आदेश तीत आहे. प्रिय वाचकहो, आपल्या घरात असा कागद आहे काय? आपल्याकडे उधारी लिहून मागणे हा अविश्वास समजला जातो. वास्तविक तो विश्वास टिकविण्याचा मार्ग आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. इतक्या वेळा का, असे विचारले असता, कर्जबाजारी माणूस खोटे बोलतो आणि दिलेले वचन मोडतो, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले (बुखारी). वसुलीसाठी कोणी दारात आला की मुलाकरवी ‘अब्बा घरी नाहीत’ असे सांगणाऱ्यास या हदीसचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील अडचण विशेष आहे. येथे पैसा हंगामाने येतो आणि हप्ता आठवड्याने जातो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास आणि हळदीचा उन्हाळ्यात हाती येतो. शेतकऱ्याची जी गत, तीच हमालाची. समजा, वसमतच्या हळद बाजारात हमाली करणारे एक कुटुंब आहे. हंगामाचे चार महिने मिळकत १८,००० रुपये, उरलेले आठ महिने ११,५००. घरखर्च १०,५००. महिला गटाच्या कर्जाचे हप्ते महिन्याला २,४००. शिवाय खाजगी ३०,००० रुपयांवर शेकडा ३ रुपये दरमहा, म्हणजे ९०० रुपये नुसते व्याज. वर्षाची मिळकत १,६४,००० आणि खर्च १,६५,६००. तूट केवळ १,६०० रुपयांची. परंतु उन्हाळ्यात हात सैल सुटतो आणि श्रावणात नवे कर्ज निघते.

आता घरखर्च ९,८०० वर आणला, तर हंगामात महिन्याला ४,९०० प्रमाणे १९,६०० रुपये शिल्लक पडतात. त्यांतील १२,८०० उरलेल्या आठ महिन्यांच्या तुटीसाठी बाजूला ठेवलेच पाहिजेत. ते घरच्या कारभारणीच्या हाती द्यावेत. उरलेले ६,८०० थेट मुद्दलात भरावेत. व्याज ९०० वरून ६९६ वर येते. पहिल्या वर्षी एवढेच घडते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घरात थोडेबहुत सोने असेल, तर ते मोडून हे मुद्दल आधी संपवावे. दागिना पेटीत आणि व्याज दारात, हे ईमानधारकास शोभत नाही. व्याज घेणाऱ्याबरोबर देणारा, लिहिणारा व साक्षीदार यांचाही धिक्कार हदीसमध्ये आहे (मुस्लिम). वर्षाला ३६ टक्के दराचे कर्ज सर्वांत आधी फेडावे, यात दीन आणि हिशोब यांचे एकमत आहे.

दुकानदार बांधवांनी ओव्हरड्राफ्टची मर्यादा ही आपली शिल्लक समजू नये. तेथे रोजच्या येणे रकमेवर व्याज लागते. म्हणून गल्ल्यातील रक्कम त्याच संध्याकाळी भरावी आणि बँकेकडे अर्ज करून मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी करून घ्यावी. शेतकऱ्याचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्र व राज्याच्या सवलतींमुळे व्याजाचा भार शून्यावर येतो. मुदत टळली की ती सवलत जाते.

आपले हक्कही माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज देताना कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. असे कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड नाही. सकाळी ९ पूर्वी आणि सायंकाळी ६ नंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

ज्यांच्यापाशी देण्यास आहे, त्यांच्यासाठीही चार शब्द. ऋणको अडचणीत असेल तर त्यास सवड द्यावी आणि सोडून दिले तर अधिक उत्तम, असे अल्लाहने फर्माविले आहे (२:२८०). जकातच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेलेही आहेत (९:६०). तरी रमजानमध्ये आपली जकात बहुधा मदरशाच्या पावतीपुरती राहते. शेजारचा कर्जदार हात पसरीत नाही, म्हणून तो दिसत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपले येणे बुडालेच आहे, तर तेच जकातीत धरू, असे काही जण म्हणतात. हनफी उलेमांच्या मते अशाने जकात अदा होत नाही. हक्कदार असल्यास जकातची रक्कम प्रथम त्याच्या हाती, त्याच्या मालकीची म्हणून द्यावी. नंतर त्याने तीतून आपले कर्ज फेडले, तर ते घेण्यास हरकत नाही. आणि तीही फेड कागदावर लिहून घ्यावी.