पटावरचे दाणे आणि आमची चूक

मागच्या रविवारी वर्गात आमच्या हातून एक चूक झाली. ती दुरुस्त केल्याशिवाय पुढचा धडा घेणे बरे नाही, म्हणून हा लेख. मुलांनी वही-पेन्सिल घेऊन बसावे. आई-बाबांनीही.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहेच. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरायची. एकूण दाणे होतात

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

हे मराठीत वाचायचे कसे? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) कोटीच्या पुढे दर दहापटीला एक नाव आहे: अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. म्हणून आपली संख्या झाली एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, पंच्याण्णव लाख एक्कावन्न हजार सहाशे पंधरा. (निखर्व आणि कोटीच्या जागी शून्य आहे.) एका दमात म्हणून दाखवणाऱ्यास आमच्याकडून एक लाडू.

आता या संख्येचे अवयव पाडू. पटाची पहिली चार घरे भरली की दाणे १५, म्हणजे ३ × ५. आठ घरांचे २५५, म्हणजे १५ × १७. सोळा घरांचे ६५,५३५, म्हणजे २५५ × २५७. दर वेळी आधीच्या उत्तरात दोन मिळवले की पुढचा गुणक मिळतो. बत्तीस घरांसाठी तो ६५,५३७ आणि चौसष्ट घरांसाठी ४,२९,४९,६७,२९७.

यांतल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्या आहेत. फळ्यावर हे लिहिल्यावर एका मुलीने विचारले, "काका, मग शेवटची पण मूळच ना?" आम्ही "हो, असणारच" म्हणून मोकळे झालो. दिवसभर कॉम्प्युटरचे प्रोग्राम तपासणाऱ्याने न तपासता बोलावे, हे काही शोभले नाही.

तेवढा दिलासा असा की, फर्मा या थोर फ्रेंच गणितज्ञाचाही १६४०च्या सुमारास हाच अंदाज होता. १७३२ मध्ये ऑयलरने तो खोटा ठरवला:

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७

हातानेच गुणून पाहा, साध्या कॅल्क्युलेटरवर उत्तर मावायचे नाही. आणि ६४१ शोधायला वाटेल तिथे चाचपडावे लागत नाही. ऑयलरनेच पुढे दाखवले की, या संख्येचा कोणताही विभाजक ६४च्या पाढ्यातल्या संख्येत एक मिळवून येतो. ६५, १२९, १९३... असे चालत गेले तर ६४१ पर्यंत मूळ संख्या फक्त पाच लागतात: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. फर्माच्या या मालिकेत ६५,५३७ च्या पुढे आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही.

तर पटावरच्या दाण्यांचे मूळ अवयव सहा नसून सात:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

पुढच्या रविवारी ४,२९,४९,६७,२९७ ला १९३, ४४९ आणि ५७७ ने भागून बाकी लिहून आणावी. २५७ साठी भागाकार करायची गरजच नाही. बाकी २ च उरणार. का, ते वरच्या साखळीत शोधा.