परसातील कमळाचे तळे

कुडाळाहून मालवणास जाताना वाटेत धामापूरचा तलाव लागतो. सन १५३० मध्ये बांधलेल्या या तलावास २०२० साली जागतिक सिंचन-वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पावसाचे पाणी अडवून राखण्याची तीच विद्या लहान प्रमाणावर परसात कशी साधावी, याचा विचार आपण करू.

प्रथम जागा. कमळास निदान पाच-सहा तास ऊन हवे. म्हणून आंब्या-फणसाच्या छायेत तळे खणू नये. तेथे गळलेला पाला पाण्यात कुजतो आणि पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. तीन मीटर लांब व दोन मीटर रुंद खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी खणावा. काठाशी वीतभर, मध्यभागी दीड हात पाणी राहावे. आमची जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरीत नाही. यास्तव मळ्यातील चिकणमाती भिजवून, पायांनी तुडवून, तिचा वीतभर जाड थर सर्वत्र ठोकून बसवावा व तो ओला असतानाच पाणी सोडावे. वाळल्यास भेगा पडतात. जादा पाण्यास सांडवा ठेवून ते माडाच्या आळ्यात न्यावे.

आता थोडे गणित. सरासरी खोली ४० सेंटिमीटर धरल्यास तळ्यात २४०० लिटर पाणी मावेल. छपराच्या २० चौरस मीटर पाख्यावर १२ सेंटिमीटर पाऊस पडला, तर तेवढेच पाणी पन्हळीने उतरते; आषाढात असा पाऊस कधी कधी एका दिवसात होतो. उन्हाळ्यात मात्र रोज अर्धा सेंटिमीटर पाणी उडाल्यास ३० लिटर भर घालावी लागेल. विहीर आटू लागली, तर आधी माणसे, मग गुरे, मग तळे, हाच क्रम ठेवावा. मासे विहिरीत सोडावे. कमळाचा कंद ओल्या चिखलात तग धरतो.

काठाच्या पायरीवर वेखंड व ब्राह्मी, आणि खोल भागी पसरट कुंडीत कमळ किंवा कुमुद लावावे. कुमुदाचे चिरलेले पान पाण्यावर तरंगते. कमळाचे अखंड पान पाण्याबाहेर उभे राहते. कमळाची बी लावावयाची असल्यास तिचे कठीण कवच एका टोकास घासावे. ते कवच इतके अभेद्य की, चीनमधील एका सुकलेल्या सरोवराच्या तळाशी मिळालेली सुमारे १३०० वर्षांची बीही रुजल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. जलपर्णी मात्र फुलास भुलून आणू नये. ती सारे तळे व्यापते.

वडील मंडळी दोन शंका काढतील, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली डासांची. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेस दाखविले. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पाणी भरताच ओढ्यातील, डोक्यावर चकाकणारा ठिपका असलेले, पृष्ठभागाशी फिरणारे लहान मासे सोडावे. ते डासांच्या अळ्या खातात. दुसरी शंका लहान मुलांची. वीतभर पाणीही रांगत्या बालकाचा जीव घेऊ शकते. घरात असे मूल असेल, तर कुंपणावर विसंबू नये. तळे काही वर्षे पुढे ढकलावे. तळे थांबेल, मूल थांबत नाही.

एवढी दक्षता घेतल्यास चतुर, बेडूक व पाखरे न बोलावता येतील. विद्यार्थ्यांनी एका वहीत पाण्याची उंची, पहिले पान व पहिले फूल यांची तारीखवार नोंद ठेवावी. पुस्तकातील निसर्ग-पाठाहून तो पाठ अधिक काळ स्मरणात राहील.