निंबाचे कुल : महोगनीचे भारतीय सोयरे

भिलाई हे छत्तीसगढ राज्याच्या दुर्ग जिल्ह्यातील पोलादनगर होय. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथील कारखान्याची उभारणी हाती घेण्यात आली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ह्या नगरात कडुनिंब कोणास अपरिचित नाही. परंतु उत्तम लाकडासाठी जगभर नावाजलेली महोगनी ही कडुनिंबाचीच नातलग आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दोन्ही वृक्ष मेलिएसी अथवा निंब-कुलातील आहेत. ह्या कुलात सुमारे ५० वंश व ७०० जाती असून त्यांपैकी बहुतेक उष्ण प्रदेशातील वृक्ष व झुडपे आहेत. हे नाते कशावरून ठरते व ते कळल्याने कोणता लाभ होतो, ते आता पाहू.

फुलातील नळी

उन्हाळ्याच्या आरंभी कडुनिंबाला बारीक, पांढरी, सुगंधी फुले येतात. विद्यार्थ्यांनी एक ताजे फूल भिंगाखाली धरून पाहावे. पाच पाकळ्यांच्या मध्यभागी केसरतंतू सुटे नसून एकमेकांस जुळून त्यांची एक नळी झालेली दिसेल. नळीच्या मुखाशी आतील बाजूस दहा परागकोश असतात. बकाण निंबाच्या फुलातही अशीच नळी असते, मात्र तिचा रंग जांभळा असतो. महोगनीचे फूल उघडले तरी हीच रचना आढळते. तूण वृक्षाचे केसर मात्र सुटे असतात. तरीही पाने, फळे व बिया यांच्या साम्यामुळे त्याचा समावेश ह्याच कुलात होतो. यावरून कुल एकाच लक्षणावर ठरत नाही, हे ध्यानात येईल.

दोन प्रकारची फळे

निंबोळीत गोडसर गर व आत एक कठीण बाठ असते. पक्षी व वटवाघळे गर खाऊन बी दूर टाकतात. हे बी काही आठवड्यांतच उगवण्याची शक्ती गमावते, म्हणून पावसाळ्याच्या प्रारंभी ते ताजेच पेरावे लागते. महोगनीचे फळ ह्याहून भिन्न, म्हणजे लाकडासारखे टणक बोंड असते. ते पिकल्यावर तडकते व त्यातील पंख असलेल्या बिया वाऱ्यावर पसरतात.

सामायिक शत्रू

अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील नैसर्गिक महोगनी बेसुमार तोडीमुळे विरळ झाली. म्हणून २००३ पासून तेथील मोठ्या पानांच्या महोगनीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास परवान्याचे बंधन आहे. मग तिची लागवड का करू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. लहान पानांची महोगनी १७९५ मध्ये वेस्ट इंडीजमधून कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आणली गेली. परंतु येथील तूण वृक्षावर वाढणाऱ्या हिप्सिपिला नावाच्या पतंगाने महोगनीसही आपले अन्न मानले. त्याची अळी कोवळा शेंडा पोखरते. शेंडा मरतो, बाजूच्या फांद्या फुटतात आणि सरळ खोड तयार होत नाही. अमेरिकेतही ह्याच वंशातील दुसरा पतंग हाच उपद्रव करतो. वनस्पतींचे नाते माणसाने ग्रंथांत नोंदविण्यापूर्वी कीटकांनी ओळखलेले असते, ते असे. ज्याला हे नाते ठाऊक आहे, तो तुणीच्या शेजारी महोगनी लावण्यापूर्वी विचार करील.

घरचा नातलग : रोहण

महोगनीचा एक जवळचा आप्त छत्तीसगढ व विदर्भ येथील कोरड्या पानझडी जंगलांत आढळतो. तो म्हणजे रोहण. त्याची कोवळी पालवी तांबूस, लाकूड लाल, कठीण व टिकाऊ, आणि फळ पाच भागांत उकलणारे असते. विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्यास महोगनीच्याच वंशात घातले होते. १८३० मध्ये आद्रिएँ द ज्युसियू यांनी सॉयमिडा हा वेगळा वंश स्थापिला. ह्या वंशात ही एकच जाती आहे. तिच्या शास्त्रीय नावातील ‘फेब्रिफ्यूगा’ ह्या शब्दाचा अर्थ ज्वर पळविणारी असा आहे, कारण तिची कडू साल तापावर वापरीत असत.

हा गुणच रोहणास घातक ठरू शकतो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे जाते. खोडाभोवतालची साल पूर्ण सोलल्यास मुळांची उपासमार होऊन वृक्ष मरतो. दूरच्या महोगनीचे कौतुक करताना आपल्या वनातील ह्या एकुलत्या वंशाची ओळख ठेवणे व त्याच्या बिया जपून रोपे वाढविणे, हे शाळांनाही सहज करता येण्याजोगे कार्य आहे.