भुसा, जवसाचे तेल आणि ओल

उन्हाळ्यात चौकटीची किंवा जुवाची भेग जवसाचे तेल व लाकडाचा भुसा यांच्या लुकणाने बुजवावी आणि पहिल्याच पावसाळ्यात ते लुकण फुगून सुटावे, हा अनुभव शेतकरी बंधूंना नवा नाही. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावी कोरडा उन्हाळा व दमट पावसाळा एकामागून एक येत असल्याने हा दोष लवकर उघडा पडतो.

जवसाचे तेल पाण्याप्रमाणे उडून वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून राळेसारखे घट्ट होते. याच गुणावर फ्रेडरिक वॉल्टन याने १८६३ मध्ये इंग्लंडात लिनोलियमचे पेटंट घेतले. सोयाबीनचे तेल मात्र अर्धवटच वाळते. म्हणून घरातील सोयाबीन तेल या कामी वापरू नये.

दोषाचे मूळ भुशात आहे. लाकडाच्या पेशीभित्ती सुमारे ३० टक्के ओलाव्यापर्यंत पाणी घेऊन फुगत राहतात. राळ पाण्याला दूर सारते, भुसा जवळ करतो. त्यामुळे दोहोंची पकड कच्ची राहते. पाणी त्या सांध्यातून शिरते, भुसा फुगतो व राळ तडकते. पुढे भुसा सुकून आकसला की पोकळी उरते आणि पुढच्या खेपेस पाणी अधिकच शिरते. भुसा जितका जास्त, तितके शोषण जास्त.

यास्तव पुढील काळजी घ्यावी :

१. भुसा बारीक चाळून कडक उन्हात पूर्ण वाळवावा.
२. बाजारातील उकळलेले जवस तेल वापरावे. ते खाण्यास अयोग्य असल्याने धान्याच्या पेटीस आतून लावू नये.
३. भेग खोल असल्यास पातळ थर द्यावेत; एक थर वाळल्यावरच दुसरा द्यावा.
४. वरून तेलाचा हात द्यावा. लाकडाच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत लवकर शिरते, तेथे दोन हात द्यावेत.

पारख सोपी आहे. वाळलेल्या लुकणाचा तुकडा तोलून एक दिवस पाण्यात ठेवावा, पुसून पुन्हा तोलावा. १०० ग्रॅमचे ११२ झाले, तर शोषण १२ टक्के. निरनिराळ्या प्रमाणांचे तुकडे करून सर्वांत कमी पिणारे मिश्रण निवडावे.

शेवटी एक इशारा. तेलाने भिजलेल्या चिंध्या किंवा भुसा ढीग करून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेतात. चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात. भुसा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. कडब्याच्या गंजीजवळ किंवा कापसाच्या कोठीत हे काहीही कदापि टाकू नये. भेग पुन्हा बुजवता येते. जळालेली गंजी परत येत नाही.