गढूळ पाणी काय सांगते?

पारोळा तालुक्यातून वाहणारी बोरी नदी पुढे अमळनेरवरून जाऊन तापीला मिळते. पावसाळ्यात तिला पूर आला की पाणी गढूळ होते. पाऊस सरल्यावर तेच पाणी हळूहळू नितळते. हे कसे होते?

पुराच्या पाण्यात वाळू असते आणि शेतांतून वाहून आलेली चिकणमातीही असते. दोन्ही पाण्यापेक्षा जड, पण तळाशी बसण्याचा त्यांचा वेग फार वेगळा. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर पाण्यात १ मीटर खाली जायला सुमारे २ मिनिटे घेतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरचा असला, तर त्याला सुमारे ३ दिवस लागतात! त्यातच या कणांवर ऋण विद्युत्भार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत. वाहते पाणी तर त्यांना सतत वर उचलत राहते. तामसवाडीच्या बोरी धरणासारख्या जलाशयात पाणी संथ होते, म्हणून तेथे गाळ खाली बसतो.

आता विहिरीकडे वळू. आपल्या भागातील खडक काळा बेसॉल्ट आहे. पावसाचे पाणी माती, मुरूम आणि खडकांतील बारीक भेगा यांतून झिरपत विहिरीत येते. वाटेत माती अडकते, म्हणून विहिरीचे पाणी नितळ असते.

पण जमिनीखालची वाट रुंद असेल तर? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चुनखडक आहे. पाण्याने तो विरघळून माणूस पोहत जाईल एवढ्या गुहा झाल्या आहेत. पाणबुडे त्या गुहांत उतरतात. तेथील झऱ्यांचे पाणी एरवी स्फटिकासारखे नितळ असते. मात्र शेजारच्या सुवानी नदीला पूर आला की ते चहासारखे तपकिरी होते. सुवानीच्या पाण्यात दलदलीतील कुजलेल्या पालापाचोळ्याचा रंग उतरलेला असतो. नदीची पातळी चढली की झऱ्याचा प्रवाह उलटतो आणि नदीच गुहेत शिरते. पाण्याचा रंग पाहून पाणबुड्यांना कळते, की नदीला येथे थेट वाट आहे.

हीच खूण तुमच्या विहिरीलाही लावून पाहा. जोराच्या पावसानंतर काही तासांतच पाणी गढूळ झाले, तर ते झिरपून आलेले नाही. कठडा फुटला असेल किंवा ओहोळ सरळ आत पडत असेल. त्या वाटेने मातीबरोबर शेणमूत आणि रोगजंतूही येतात. घरच्या वडीलधाऱ्यांना हे लगेच सांगा. पाणी निवळून गाळून घ्यावे आणि उकळूनच प्यावे. नुसते नितळ दिसते म्हणून पाणी शुद्ध मानू नका. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

करून पाहा : काचेच्या दोन सारख्या बाटल्यांत पाणी व चमचाभर काळी माती घालून हलवा. एकीत चिमूटभर तुरटीची पूड टाकून पुन्हा हलवा. दर पंधरा मिनिटांनी बाटल्यांमागे छापील कागद धरा. अक्षरे आधी कोणत्या बाटलीतून दिसतात? तुरटीतील ॲल्युमिनियमच्या धनभारामुळे मातीच्या कणांचे एकमेकांना लोटणे थांबते. मग कण एकत्र येऊन खाली बसतात. वेळा वहीत लिहून ठेवा. हे पाणी मात्र पिऊ नका.