नंबर आला का, हे नंतर विचारा

पालकहो, दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या विभागात धांदल उडते. 'आविष्कार'चे दिवस जवळ आलेले असतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते. आधी कॉलेजात, मग जिल्ह्याला किंवा विभागाला, मग विद्यापीठात, आणि तिथून निवड झाली तर राज्य पातळीवर. वैद्यक आणि औषधनिर्माणाचा तिथं स्वतंत्र गट असतो. आमची मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंगची मुलं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातर्फे उतरतात, फार्मसीची मुलं आपापल्या विद्यापीठातर्फे. मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते. मुलं अजून जुन्या नावानं त्याला पीएसएमच म्हणतात. वस्तीत, शाळेत, वसतिगृहात जाऊन करायचे बरेचसे अभ्यास आमच्याच विभागातून होतात, म्हणून या दिवसांत तुमचे फोनही मलाच येतात.

'मॅडम, याचा पीजीला काही उपयोग होतो का?' 'परीक्षा तोंडावर आलीय, आत्ता हे कशाला काढलंत?' 'मुलींना परक्या वस्तीत घरोघर पाठवता, बरोबर कोण असतं?'

यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटतो, म्हणून त्याचं उत्तर आधी. मुली एकट्या जात नाहीत. जोडीनं जातात, त्या भागातली आशाताई बरोबर असते, आणि अंधार पडायच्या आत सगळ्या परत आलेल्या असतात. तुमच्या मुलीच्या कॉलेजात अशी व्यवस्था नसेल तर जाऊन जाब विचारा. संकोच करू नका.

पीजीचं सरळ सांगते. प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो, आविष्कारच्या प्रमाणपत्रावर नाही. तेवढ्यासाठी मुलाला यात ढकलणार असाल तर खरंच ढकलू नका. त्याचे दोन-तीन महिने जातील आणि हाती लॅमिनेट केलेला एक कागद येईल. परीक्षेचं म्हणाल तर वेळ जातो, हे खरं आहे. तरीही मी दरवर्षी मुलांच्या मागे लागते. का, ते एका मुलीच्या पोस्टरवरून सांगते.

तिसऱ्या वर्षाची मुलगी, वडील शेतकरी. शाळकरी मुलींच्या एका वसतिगृहात तिनं ॲनिमियाचा अभ्यास केला. विषय नवा नव्हता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला, हे आम्ही वर्गात शिकवतोच. सरकारी योजनेतून या वयाच्या मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. गोळ्या त्या वसतिगृहातही येत होत्या, वाटल्याही जात होत्या, रजिस्टरवर सह्या होत्या. तरी बोटातून थेंबभर रक्त काढून मशिनवर पाहिलं की कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली.

हिनं काय केलं, तर प्रश्नावली बाजूला ठेवून त्या मुलींबरोबर पंगतीला बसली. दोन-तीन जेवणं झाल्यावर एक मुलगी बोलली. गोळी सोमवारी सकाळी मिळायची, शाळेत जायच्या गडबडीत, पोटात काही नसताना. मग मळमळ व्हायची, पहिल्या तासाला उलटीसारखं वाटायचं. म्हणून गोळी जिभेखाली धरायची आणि मोरीत टाकून द्यायची. दुसरीनं सांगितलं, शौचाला काळी होते म्हणून ती घाबरली होती. लोहाच्या गोळीनं तसं होतंच आणि त्यात भिण्यासारखं काही नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि जेवण झाल्या झाल्या सगळ्यांना चहा. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. 'मुलींमध्ये जागृती नाही' हे वाक्य प्रत्येक पोस्टरवर असतं. हिच्या पोस्टरवर ते नव्हतं. गोळी रात्री जेवणानंतर द्यावी आणि चहाची वेळ पुढे न्यावी, असं तिथं लिहिलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक तिच्या पोस्टरपाशी आले. मुलांना तिथं मोजकी मिनिटं मिळतात. हातात गुणांचा तक्ता घेऊन परीक्षक उभ्या उभ्या विचारतात, नमुना कसा निवडला, एथिक्स कमिटीची परवानगी कुठंय. त्यांनी हिला विचारलं, ''म्हणजे गोळी नियमित घेतली की हिमोग्लोबिन वाढतं, हे तुम्ही सिद्ध केलंत?'' ती म्हणाली, ''नाही सर. आम्ही एकदाच मोजलंय. गोळी घेणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन जास्त निघालं, पण त्या मुळातच नीट जेवणाऱ्या असतील. आमच्या अभ्यासावरून एवढंच म्हणता येतं की दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या. आणि हे एकाच वसतिगृहाचं आहे.''

विशीतल्या मुलीनं, गुणांचा तक्ता समोर असताना, आपल्याच कामाची मर्यादा न चाचरता सांगितली. उद्या ती ओपीडीत बसेल. एखादं नवं औषध फार गुणकारी असल्याचं कुणी रंगीत कागदावर छापून तिच्या टेबलावर ठेवील, तेव्हा ती तोच प्रश्न विचारील. किती जणांवर पाहिलं? कशाशी तुलना केली? तुमच्या-माझ्या आईला ते औषध लिहून द्यायचं की नाही, हे त्यावर ठरेल. मी मुलांच्या मागे लागते ती एवढ्यासाठी.

तिला बक्षीस मिळालं नाही. वडील एसटीनं आले होते, हॉलच्या दाराशी थांबले होते. तिला पाहताच त्यांनी विचारलं, ''नंबर आला का?'' ती नाही म्हणाली आणि पोस्टर गुंडाळायला लागली. ते वाईट माणूस नव्हते. मुलीसाठी पदरचे पैसे मोडून आले होते, लेकीचं कौतुक व्हावं असं कुणाला वाटत नाही? पण तिला काय सापडलं हे त्यांनी विचारलं असतं, तर तो गोळीचा आणि मोरीचा किस्सा त्यांना सगळ्यात आधी कळला असता. घरी धाकटी बहीण होती, तिलाही शाळेत तीच गोळी मिळत होती.

आता जरा अवघड विषय. काही कॉलेजांच्या आसपास तयार प्रोजेक्ट मिळतात. आकडे, तक्ते, पोस्टर, सगळं. काही पालक मुलाचा वेळ वाचावा म्हणून त्याचे पैसे देतात. काही मुलं विकत घेत नाहीत, पण हॉस्टेलच्या खोलीत बसून शंभर फॉर्म स्वतःच भरतात. माझ्यासमोर असे गठ्ठे येतात तेव्हा ते उघडताच कळतं. खऱ्या फॉर्मला घामाचे डाग असतात, एखादं पान दुमडलेलं असतं, 'उत्पन्न' या रकान्यात काहीच नसतं कारण ते सांगायला बाई तयार नव्हती, समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, 'भात लावायला गेलीय, संध्याकाळी या'. खोट्या गठ्ठ्यात प्रत्येक चौकट भरलेली, एकाच पेनानं, एकाच वळणाचं अक्षर. मला याचा मनापासून राग येतो. आरोग्याचा खोटा आकडा पोस्टरवरच राहत नाही, पुढचा कुणीतरी त्यावर विसंबून राहतो. आणि त्या मुलाच्या हाताला वळण लागतं ते वेगळंच. उद्या वॉर्डात रात्री दोनला रक्तदाब न मोजता केसपेपरवर लिहायचा मोह त्यालाच आधी होईल. म्हणून घरात एकदा स्पष्ट सांगा, काम अर्धं झालं तरी चालेल, पण ते तुझंच असलं पाहिजे.

दुसरी एक गोष्ट घरातलीच आहे. मूल आपल्याच गावात किंवा कॉलनीत अभ्यास करत असेल तर आपण सहज विचारतो, 'समोरच्या ताईंच्या मुलीचं किती निघालं गं?' ती सांगणार नाही. तिनं सांगूही नये. फॉर्मवर सही घेताना तिनं त्या घराला शब्द दिलेला असतो. आईला सांगितलं तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे, तरी आग्रह करू नका.

तो सहीचा कागद कधीतरी तुमच्याही दारी येईल. एखाद्या दुसऱ्या कॉलेजची मुलं तुमच्या शाळकरी मुलाला अभ्यासात घेण्यासाठी विचारायला येतील. तेव्हा घाईनं सही करू नका आणि फटकन दारही लावू नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची लेखी परवानगी तर लागतेच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढं १८ पर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. रक्त किती घेणार, माहिती कुठं ठेवणार, मध्येच नको वाटलं तर थांबता येईल का, हे खुशाल विचारा. आलेली मुलं गांगरतील, पण शिकतील.

तुमच्यापैकी पुष्कळांना मनातून वाटतं की ही पोरं कसलं संशोधन करणार. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहॅन्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींचे वेगळे पुंजके नोंदवले. त्या पेशी काय करतात हे आपल्याला कळलेलं नाही, हेही त्यानं लिहून ठेवलं. इन्सुलिन तिथंच तयार होतं. ते १९२१ मध्ये टोरांटोला हाती लागलं, आणि तिथंही बँटिंग यांच्या जोडीला चार्ल्स बेस्ट हा नुकता पदवीधर झालेला मुलगाच होता. घरातल्या कुणाला मधुमेह असेल तर त्याच्या औषधाच्या मागे ही पोरं उभी आहेत. आपल्या आनंदीबाई जोशींचं उदाहरण तर घरचंच. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढं फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर. मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली तेव्हा एकवीस वर्षं पुरी व्हायची होती, आणि समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंचा विषय त्यांच्या स्वतःच्या दुःखाच्या किती जवळचा होता, ते पाहा.

आणि मोठं काम मोठ्या यंत्रांनीच होतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं दिसलं. यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. तोवर या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे ते मूल पोस्टर घेऊन निघण्याआधीच्या आठवड्यातलं. त्याला घरात उभं करा आणि सांगायला लावा. मराठीत. स्लाइडवरचं इंग्रजी तो पाठ करील, ते सोपं आहे. पण आजीला कळेल असं सांगताना तो अडखळला, तर तिथंच त्याचंही नीट समजलेलं नाही हे त्याला उमगतं. परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतात. आजीला मध्ये बोलू द्या. 'जेवल्यावर चहा नको म्हणतेस, मग किती वेळानं घ्यायचा?' असा प्रश्न आजीच विचारते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या पालकांना इंग्रजीची फार धास्ती असते. मुद्दा पक्का असेल तर मोडक्या इंग्रजीनं कुणी गुण कापत बसत नाही, हे मी परीक्षक म्हणूनही सांगते. आणि नवा सूट शिवायच्या खर्चात पडू नका. धुतलेला ॲप्रन पुरतो.

स्पर्धा संपली की बहुतेक पोस्टर हॉस्टेलच्या कपाटावर जातात. माझी इच्छा असते की मुलांनी ज्यांचं रक्त घेतलं त्यांच्याकडे परत जावं आणि काय निघालं ते त्यांना सांगावं, नावं न घेता. पण तोवर परीक्षा आलेली असते, कॉलेजची गाडी मिळत नाही, आणि ते राहून जातं. इथं तुमची खरी मदत होईल. एक रविवार काढा, मुलीला गाडीवर बसवा आणि त्या वसतिगृहात घेऊन जा. वॉर्डनताईंना आधी फोन करा. तिनं मुलींशी बोलावं, स्वयंपाकीण मावशींना चहाचं सांगावं, गोळीची वेळ बदलता येईल का ते वॉर्डनताईंना विचारावं. तुम्ही मागे बसून ऐका, आणि त्यांच्या अडचणी काय आहेत ते वहीत टिपून घ्यायला तिला सांगा. पुढच्या वर्षीचा विषय बहुधा त्यातूनच निघेल.