आकडा ९३०, आच भलतीच

राळेगावात माझी दातांची छोटी लॅब आहे. डॉक्टर माप पाठवतात, मी कॅप करून देतो. कमी भाजलेली वीट पावसात खचते, जास्त भाजलेली वेडीवाकडी होते, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. कॅपच्या पोर्सेलिनचंही तेच, फक्त इथं वीस-पंचवीस अंशांत घात होतो.

१. भट्टीच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका.
मध्यंतरी माझ्या सगळ्या कॅपा नको इतक्या चकचकीत यायला लागल्या. दाढेचे उंचवटे बसलेले, खाचा बुजलेल्या. एका काकांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "हे तं घासून संपलेल्या साबणाच्या वडीवानी दिसून राहिलं जी!" मी खापर पावडरवर फोडलं, नवी मागवली. तीही तशीच. मग चांदी लावून पाहिली. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते (पैंजणाची चालत नाही, तिच्यात भेसळ असते). तारेचा तुकडा ठेवून थोडं थोडं चढत गेलो. पडद्यावर ९४० होते आणि आत तारेचा मोती झालेला! म्हणजे ९३० समजून मी ९५०च्या वर भाजत होतो. थर्मोकपल म्हातारं झालं होतं, आच कमी सांगत होतं. आता दर महिन्याला चांदी लावतो.
कमी भाजलं तर उलटं. दात खडूसारखा पांढुरका आणि खरखरीत राहतो, आणि आमच्याकडच्या खर्र्याच्या डागांना असा पृष्ठभाग आयताच सापडतो.

२. ओला दात थेट आत ढकलू नका.
पावडर पाण्यात कालवून ब्रशनं थर चढवतो. भट्टीच्या तोंडाशी सहा-आठ मिनिटं सुकू दिलं नाही तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि थर उडतो. मे महिन्यात उलटी पंचाईत: ब्रश उचलेपर्यंत काचेवरचं मिश्रण कोरडं.

३. भट्टी आणि कूलर समोरासमोर नकोत.
हे मी नुकसान सोसून शिकलो. पारा पंचेचाळिशीला टेकला होता, कूलर जोरात चालू होता, आणि भट्टी उघडून लाल कॅप बाहेर घेतली. टिक्. एवढाच आवाज. केसाएवढी रेघ वरपासून खालपर्यंत. कॅपच्या आतला धातू निवताना पोर्सेलिनपेक्षा थोडा जास्त आकसतो. म्हणून तर पोर्सेलिन दाबाखाली राहून घट्ट धरतं. पण बाहेरचा थर झटक्यात गार झाला की हिशेब बिघडतो. धातूऐवजी झिर्कोनिया (पांढरं सिरॅमिक) असेल तर त्यावरचं पोर्सेलिन आणखी सावकाश निववावं, कारण झिर्कोनिया उष्णता लवकर सोडत नाही.

४. झिर्कोनिया रात्रभराचं काम आहे.
मी शिकत होतो त्या लॅबमधली गोष्ट. कच्च्या झिर्कोनियाची कॅप मापापेक्षा वीस-पंचवीस टक्के मोठी कापतात, कारण साधारण १५०० अंशांवर ती तेवढी आकसते. एका रात्री कॅप भट्टीत असतानाच लाइन गेली. सकाळी कॅप साच्यावर बसवली तर गोटीसारखी खुळखुळत होती. पांढरीफटक, नखानं ओरखडा उठेल अशी. काही कारागीर दात जास्त पारदर्शक दिसावा म्हणून मुद्दाम पन्नासेक अंश वाढवतात. मला ते पटत नाही. कण मोठे होतात, ताकद घटते, आणि कॅप तडकली की शिव्या डॉक्टरला.

५. गिऱ्हाइकाला जांभळा दात दाखवू नका.
लिथियम डायसिलिकेटची कॅप नागपूरहून कापून येते ती निळसर-जांभळी. ८४०-८५० अंशांवर तिच्यातले स्फटिक बदलतात, ताकद अडीच पटीहून जास्त होते आणि रंग दाताचा येतो. एक आजोबा स्वतःच लॅबमध्ये आले, ट्रेवरची कॅप पाहून म्हणाले, "जांभया दात नको बाप्पा, मले पांढराच पायजे." म्हटलं, "बसा, चहा घ्या." अर्ध्या तासानं भट्टी उघडली. आजोबांनी कॅप निरखून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.
"माहीच हाय ना? का दुसरी आणली?"